दुसऱ्यांदा विचारलेलं नाव

दुपारच्या चहाच्या सुमारास वाशीमहून रक्ताची पिशवी आली. रामीबाई सकाळी बाळंत झाली होती आणि अंगावरून इतकं गेलं होतं, की ओठ चुन्यासारखे पांढरे पडले होते. शेलूबाजारच्या त्या लहानशा दवाखान्यात रक्त चढवायचं म्हटलं की धम्मदीपा सिस्टरलाच हाक जाई, कारण ती घाई करत नसे. तिनं आणि सोबतच्या नर्सनं, नीलमनं, खाटेपाशी उभं राहून पिशवीवरचा गट, नंबर, तारीख मोठ्यानं वाचून ताडून पाहिली. मग तिनं पेशंटलाच विचारलं.

"नाव काय तुमचं?"

"रामीबाई. रामीबाई हेमसिंग राठोड."

सगळं जुळलं. थेंब अगदी सावकाश सोडून धम्मदीपा तिथंच बसली. पहिला पाव तास ती पेशंटजवळून हलत नसे. बाहेर उन्हात जीपवाले सवाऱ्या बोलावत होते. बाळ पाळण्यात झोपलं होतं. हेमसिंग दाराशी उकिडवा बसून बायकोकडे बघत होता.

नाडी ठीक. ताप नाही. ओठांवर जरासा रंग आला.

"बाई," रामीबाई एकदम म्हणाली, "मले कोनीतरी मांगं सरकवून राह्यलं."

"कुठं सरकवून राह्यलं?"

"आतच."

शुद्ध तपासायला धम्मदीपानं पुन्हा नाव विचारलं.

"देवमन," ती म्हणाली. "किन्हीराजा गावचा."

धम्मदीपानं तत्काळ रक्त बंद केलं. शंका आली की आधी थांबायचं, मग कारण शोधायचं, हे तिच्या हातात भिनलेलं होतं. नवी नळी जोडून तिनं सलाइन लावलं आणि डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी छाती, डोळे, लघवीचा रंग, सगळं पाहिलं.

"थंडी नाही, पुरळ नाही. अशक्तपणात बडबडतात पेशंट. सुरू करा."

"सर, एकदा रक्तपेढीला विचारते."

फोनवरचा माणूस म्हणाला, पिशवी बरोबर आहे, तपासण्या बरोबर आहेत, रक्त देणाऱ्याचं नाव आम्ही सांगत नसतो.

"देवमन आहे का? किन्हीराजाचा?"

पलीकडच्या माणसानं आवाज एकदम खाली आणला.

"सिस्टर, हे तुमाले कोनं सांगतलं?"

ती धावत परतली तेव्हा रामीबाईचा रक्तदाब घसरला होता. दुसरी पिशवी नव्हती आणि ही फार वेळ बाहेर ठेवता येत नव्हती. हेमसिंग हात जोडून उभा होता.

"बाई, द्या ना रक्त. काहून थांबल्या?"



तिनं पिशवीवरचा नंबर पुन्हा वाचला. पुन्हा जुळला. मग स्वतःच्याच हातानं तिनं थेंब सोडले.

रामीबाईनं तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. पिशवी अर्ध्यावर आली तशी ती पकड सैल झाली. मग सुटली.

पिशवी संपली. रक्तदाब उत्तम. डॉक्टर समाधानानं मान हलवून गेले.

हेमसिंग रामीबाईच्या कानाशी वाकला आणि त्या दोघांच्या तांड्याच्या बोलीत हळवेपणानं काहीतरी बोलला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग धम्मदीपाकडे वळली.

"सिस्टर, हा मानूस काय म्हनून राह्यला?"

पाळण्यात बाळ रडायला लागलं.

तिच्या चोळीवर दुधाचे ओले डाग उमटले, पसरत गेले. तिनं नवलानं त्यांना बोट लावलं, बोटाचा वास घेतला, आणि बोट चादरीला पुसून टाकलं.