पट्टीनं आखलेली खुर्ची

सोलापुरात बैठकीची खोली म्हटली की लोकांना ती गच्च भरलेली लागते. जाडजूड सोफा, काचेचं कपाट, त्यात ओळीनं बाहुल्या, आणि पडदे असे की भर दुपारी दिवा लावावा. बुद्धप्रिया दहा वर्षं लोकांना असल्याच खोल्या सजवून देत होती, गिऱ्हाइकाशी हुज्जत न घालता. जुळे सोलापुरातला स्वतःचा फ्लॅट मात्र तिनं मनासारखा करायला घेतला. मिडसेंच्युरी मॉडर्न, म्हणजे साठेक वर्षांपूर्वीची साधी परदेशी धाटणी. बुटकं, सुटसुटीत फर्निचर, निमुळते तिरके पाय, उघडी मोठी खिडकी आणि खाली फिक्या ओक लाकडाची जमीन.

"एवढ्या धुळीत पांढरी जमीन? डोकं फिरलंय हिचं," शेजारणी म्हणाल्या. म्हणेनात का! ही हौस नव्हती, हे वडिलांसाठी चाललं होतं. ईश्वर म्हणजे एसटी डेपोतले निवृत्त मेकॅनिक. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा माणूस, पण दोन वर्षांत त्यांची नजर जवळपास गेली. डॉक्टर म्हणाले, फिक्या रंगावर गडद वस्तू असेल तर तिचा आकार दिसेल, बाकी आशा नको. आई कधीच गेलेली. घरात ही दोघंच. लेकीचा चेहरा नाही तर नाही, निदान ती समोर आहे एवढं तरी बाबांना दिसावं, म्हणून सगळा खटाटोप.

जमीन बसली त्या दिवशी ती काळा कुडता घालून रिकाम्या खोलीच्या मधोमध उभी राहिली. बाबा दारातच थबकले.

"प्रिया? अगं, दिसलीस की गं!"

ती ढसाढसा रडली. लाज कसली त्यात.

फर्निचर बनायच्या आधी तिनं नेहमीप्रमाणे जमिनीवर कागदी चिकटपट्टीनं प्रत्येक वस्तूची जागा आखली. सोफा इथं, टीपॉय इथं, ही बाबांची खुर्ची, आणि तिच्या बरोबर समोर स्वतःची. आठवडाभर बाबा अनवाणी फिरून पट्ट्या पायानं पाठ करत होते.

मायाप्पा सुतार दुधनीचा, हाताचा पक्का. त्यानं सगळं वेळेत केलं. फक्त बुद्धप्रियाच्या खुर्चीचं लाकूड फाटलं. दुसरं आणलं, तेही त्याच जागी फाटलं.

"तिसऱ्यांदा न्हाई करत ताई," तो खाली बघत म्हणाला. कारण विचारलं तर हत्यारं गोळा करू लागला. मग ती खुर्ची करायची राहूनच गेली आणि तिनं तिथली पट्टी काढून टाकली.

फर्निचर आलं. बाबा खोलीत सफाईनं वावरू लागले. फक्त त्या मोकळ्या जागेला ते वळसा घालायचे. पायांना पट्टीची सवय लागली असेल, तिनं मनाशी म्हटलं. पटण्यासारखंच होतं ते.

एका दुपारी ती चहा घेऊन स्वयंपाकघरातून आली. बाहेर ऊन रणरणत होतं, खोली उजेडानं भरलेली. बाबा त्या मोकळ्या जागेकडं तोंड करून हसत होते.

"मग? फुडं काय म्हनला तो?"

"बाबा, कुणाशी बोलताय?"

बाबा दचकले. त्यांनी समोर पाहिलं, मग तिच्याकडं कान वळवला.

"तुज्याशीच की. पर तुजा आवाज तिकडनं कसा येतोय?"

तिनं कप टीपॉयवर ठेवला. "आई दिसते का हो तुम्हाला?"

"तुज्या आईला मी वळखनार न्हाय व्हय?" बाबा खळखळून हसले. "तू हायस. बसलीयस की समोर."

ते बैठकीतून उठून गेल्यावर तिनं गुडघ्यांवर बसून त्या मोकळ्या जागेतली जमीन पाहिली. नव्याकोऱ्या लाकडात चार खड्डे होते. नखाएवढे, आतल्या बाजूला तिरके.

दुसऱ्या दिवशी तिनं मायाप्पाला बोलावून घेतलं. त्यानं खड्ड्यांवरून बोट फिरवलं.

"पायाखाली फेल्टच्या मऊ चकत्या लावल्या न्हाईत व्हय ताई?"

"कशाच्या पायाखाली? खुर्चीच नाही ना तिथं!"

त्यानं टेप काढून चारी खड्ड्यांमधलं अंतर मोजलं. दोनदा मोजलं. मग तिच्या खुर्चीचं जुनं रेखाटन पिशवीतून काढून तिच्या हातात दिलं आणि चहाला न थांबता निघून गेला. माप बरोबर तेच होतं.

बुद्धप्रियाला भीती वाटली, पण त्याहून जास्त राग आला. ही जागा तिची होती. बाबांसमोरची जागा तिनं स्वतःसाठी आखली होती! तिनं आतली लाकडी खुर्ची ओढत आणली, त्या चार खड्ड्यांच्या वर ठेवली, काळा कुडता घातला आणि ताठ बसली.

बाबा आतून आले. वळसा न घालता सरळ चालत आले. त्यांचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागला.

"हितं खुर्ची कुनी ठिवली?" ते पुटपुटले आणि दाराकडं बघून हसले. "आगं, उठलीस का? भायेर चाललीस व्हय?"

दारात कुणीच नव्हतं.

"बरं, जाऊन ये. ऊन लई हाय, डोक्याला बांध."

दार उघडलं. हळूच, आवाज न करता. मग ओढून घेतलं गेलं. जिन्यावर चपला वाजल्या, उतरत गेल्या.

ती ताडकन उठली.

"बाबा!" ती किंचाळली. "बाबा, मी इथं आहे!" तिनं त्यांचा हात घट्ट धरला.

बाबांनी तो अवघडून सोडवून घेतला.

"कोन पायजे तुमाला?"

"बाबा, मी प्रिया."

"प्रिया आत्ताच भायेर गेली बगा. यील की. तुमी बसा, पानी आनू का?" ते मागं सरले, पण पाहुण्याशी बोलावं तसं अदबीनं बोलत राहिले. त्यांनी तळपाय जमिनीवरून फिरवला. "आमच्या लेकीनंच केलीय ही खोली. ती मला दिसावी म्हनून. आता लख्ख दिसती."