शेजारच्यांचं औषध

सिस्टरची वॉर्डातली ती सलग दुसरी पाळी. सकाळीच सुटायची ती, पण बदलीची मुलगी तापाने फणफणली आणि दुपारही हिच्याच गळ्यात पडली. पायांचे तुकडे पडले होते. तरी काम तसं साधंच होतं. नऊ नंबरच्या खाटेवरच्या ड्रायव्हरचा पंप चालू आहे ना, एवढं बघायचं.

ड्रायव्हरच्या जठरातली जखम काल फुटली होती. गुडघे दुखतात म्हणून वर्षभर गोळ्या फुटाण्यासारख्या खाल्ल्या, त्याचं फळ. दुर्बीण घालून डॉक्टरांनी रक्त थांबवलं होतं. आता पोटातलं आम्ल दाबणारं औषध पंपाने तीन दिवस शिरेतून सतत द्यायचं होतं.

"यात खंड पडला, तर आम्ल जखमेवरची खपली खाऊन टाकेल," डॉक्टर म्हणाले होते. "मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

"तीस वर्षं गाडी हाकली, सिस्टर," ड्रायव्हर क्षीण हसला. "आता तुमचा पंप मला हाकतोय."

"हाकू द्या, दादा. तुम्ही झोपा."

त्याची बायको अंघोळीला म्हणून घरी गेली होती. तीन वाजले. पडदे ओढलेले, पंख्याची घरघर, फिनेलचा वास. सिस्टरने टेबलावर कोपर टेकलं आणि डोळे मिटले, कधी ते तिलाही कळलं नाही.

टीं... टीं... टीं...

पंपाची शिटी! ती धडपडत उठली. पण नऊ नंबरचा हिरवा दिवा शांत लुकलुकत होता, आकडे पुढे सरकत होते. आवाज पलीकडून येत होता. दहा नंबरकडून.

दहा नंबरची खाट रिकामी होती. गादी गुंडाळून ठेवलेली. तिथे पंप नव्हताच. आणि फिनेलच्या आडून एक वास येत होता... पोटात साचून काळ्या पडलेल्या रक्ताचा. तो तिने झोपेतही ओळखला असता.

"सिस्टर..." ड्रायव्हर कुजबुजला. डोळे मिटलेलेच. "शेजारच्यांचं औषध संपलंय. केव्हाचे हाका मारतायत तुम्हाला..."

"शेजारी कुणी नाही, दादा."

"आहेत की. मास्तर आहेत. म्हणतात, तुम्ही शिटी बंद केलीत... आणि 'दोन मिनिटांत येते' म्हणालात..."

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

तीन वर्षं झाली होती. अशीच दुहेरी पाळी, अशीच दुपार. दहा नंबरवरच्या मास्तरांचं औषध संपल्याची शिटी तिने बटण दाबून गप्प केली आणि जरा खुर्चीत टेकली. जाग आली तेव्हा तास उलटला होता. संध्याकाळी मास्तर रक्त ओकले आणि गेले. "वय झालं होतं," सगळे म्हणाले. तीही म्हणाली. तो एक तास तिने नवऱ्यालासुद्धा सांगितला नव्हता.

आधाराला तिने ड्रायव्हरच्या खाटेवर हात टेकला, तर चादर ओली लागली. नळी सुईपासून निखळली होती. पंप इमानेइतबारे चालत होता आणि औषध गादी पीत होती!

तिने डॉक्टरांना हाक मारली. नवी नळी जोडली, औषध पुन्हा सुरू केलं. ड्रायव्हरची खपली टिकली. पुढे चार दिवसांनी तो बायकोचा हात धरून चालत घरी गेला.

त्या दुपारी, नळी जोडल्यावर पलीकडची शिटी थांबली होती. सगळे पांगल्यावर ती गुंडाळलेल्या गादीपाशी उभी राहिली.

"मास्तर... माझं चुकलं हो."

तिने गादीची सुटलेली कड आत खोचली.

पाळी संपली. ती हात धुवायला बेसिनपाशी गेली. डाव्या हाताच्या पाठीवर, मास्तरांची सुई होती तिथेच, चिकटपट्टी ओढून काढल्याचा चौकोनी वळ होता, आणि त्याच्या मधोमध सुईचा ठिपका. दिवसभरात तिला कुणी सुई टोचली नव्हती. तिने नळाखाली तो धुतला, पदराने टिपला. ठिपका पुन्हा लाल झाला. तिने पुन्हा टिपला...