कॅबिनेटवरच्या दोन टिचक्या

मेलेल्या कॉम्प्युटरची नाडी बघतो म्हणून सगळी गल्ली ज्याला ‘डॉक्टर’ म्हणायची, तो गडी त्या दुपारी सख्ख्या भावाच्या घरी घाम पुसत बसला होता. दादाला जाऊन वर्ष उलटलं होतं. परवा त्याचा कॉम्प्युटरही गेला. दादानं लेकीसाठी रेकॉर्ड केलेली झोपायच्या वेळची गोष्ट त्यातच होती. पोर बापाचा आवाज विसरायला लागली होती, आणि वहिनीला तेवढा आवाज परत हवा होता.

डॉक्टरनं नवा मदरबोर्ड बसवला, नवा प्रोसेसर बसवला, बटण दाबलं. पंखे भिरभिरले. स्क्रीन मात्र काळी ठिक्कर.

“भावजी, डिग्री कुठून आणलीत?”

“पेशंट जिवंत आहे, वहिनी. नातेवाइकांनी गडबड करू नये.” एवढं बोलतो न बोलतो तोच हातातला स्क्रू ड्रायव्हर खणकन फरशीवर पडला.

रॅम पुसून बसवली. बोर्डावरचा सेल काढून पुन्हा घातला. ढिम्म! शेवटी त्यानं मशीन बंद केलं. पडदे ओढलेल्या खोलीत जुन्या बोर्डाचा जळका वास तेवढा उरला. आणि त्या शांततेत...

टक. टक.

उघड्या कॅबिनेटच्या वरच्या कोपऱ्यातून.

वहिनीचा चेहरा उतरला. “सुरू करताना हे अशाच टिचक्या मारायचे... ‘उठा, राजे’ म्हणायचे...”

“पत्रा थंड होतोय,” डॉक्टर म्हणाला खरा, पण टॉर्च घेऊन आत वाकला. कोपऱ्यात उजेड पडला. प्रोसेसरला वीज देणारी वेगळी वायर तशीच लोंबत होती! या धंद्यात केस पिकले, आणि चूक शाळकरी पोराची. वायर खटकन बसली. स्क्रीन उजळली.

“दादाच पावला,” तो हसला.

वहिनीनं फाईल लावली. “एक होता ससा...” दादाचाच तो घोगरा आवाज. तिनं पदर डोळ्यांना लावला. मग गोष्टीच्या मागे काहीतरी खणकन पडलं. त्याच्या जरा आधी कुणीतरी पुसट बोललं होतं. डॉक्टरनं फाईल थोडी मागे घेतली, कान लावला.

‘भावजी, डिग्री कुठून आणलीत?’

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. फाईल तीन वर्षांपूर्वीची होती.

“बंद करा...” वहिनी कुजबुजली. पण स्पीकरमध्ये आता दारावरची बेल वाजली. कडी निघाली. चिमुकल्या चपलांचा आवाज आला आणि दादा गोष्ट मध्येच सोडून म्हणाला, ‘आलीस? चल, उरलेली तिकडं सांगतो.’ दार लागलं. त्यानंतर फक्त वहिनीचा हंबरडा... त्या फाईलमध्ये.

डॉक्टरनं प्लगच उपटला.

तेवढ्यात बेल वाजली.

“आई, उघड ना! आज शाळा लवकर सुटली!”

वहिनी धावली. डॉक्टरनं तिचा हात घट्ट धरला. “नका उघडू...”

“पोर बाहेर उभी आहे हो, भावजी...”

टक. टक.

बंद दारावर. आतल्या बाजूनं.