न सोडलेला हाका

लाइट काय आता येत नाय. बसा इथंच ओट्यावर. मघापासून ऐकतोय मी तुमचं. शनिवारी पेठकडं जायचं, कुणाच्या तरी मामाची बंदूक हाय, डुक्कर आणायचं. जा की. मी कोण अडवणारा? तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, नाशिक-पेठ रस्त्याला तुमच्यासारखे लय शहाणे चढताना न् उतरताना बघितलेत. पण सुयश, तू माझ्या सख्ख्या भावाचा नातू, म्हणून एवढं सांगतो. आपला वाल्मीक माहितीय ना? द्राक्षांचे क्रेट वाहतो, आणि दिवस मावळला की गाडीची किल्ली बायकोच्या हातात देऊन टाकतो. तुम्ही पोरं त्याला हसता. तो असा का झाला ते ऐका, मग शनिवारी खुशाल जा.

साल दोन हजार चोवीस. तीन ऑगस्ट, शनिवार. दुसऱ्या दिवशी गटारी. वाल्मीककडं तेव्हा स्वतःची जीप होती, भाड्यानं लावायचा. दुपारी फोन आला, नाशिकात द्वारका चौकातून दोन माणसं घ्यायची, पेठच्या पुढं न्यायची, रात्री परत आणायची. पाऊस आठवडाभराचा लागलेला, गोदावरीचं पाणी चढत होतं. पण भाडं म्हटलं की ड्रायव्हर आभाळाकडं बघत नाय. निघाला निफाडहून.

द्वारकेला पुलाखाली दोघं उभे. एक हर्षल, इंदिरानगरात ऑफिस थाटून प्लॉट विकणारा. दुसरा त्याचा मेहुणा योगेश, तो काय करायचा ते त्याचं त्याला तरी माहीत होतं का कुणास ठाऊक. दोघांच्या अंगात पानापानांच्या नक्षीच्या चड्ड्या, ऑनलाइन मागवलेल्या. योगेशच्या चड्डीला मागं लेबल तसंच लोंबत होतं. क्रिकेटच्या बॅगेत बंदूक. लायसन आजोबाच्या नावाचं, शेताची राखण करायला दिलेलं. आजोबा जाऊन सहा वर्षं झालेली, आणि शेताचे प्लॉट पाडून या हर्षलनंच विकलेले. शिकारी म्हणे. यांच्या जिन्यात मांजर शिरलं तर हे वॉचमनला हाक मारतात.

रस्ताभर हर्षल बोलत होता. आधी हरीण पाडू, मग डुक्कर, गटारीला मित्रांना जेवण, फोटो टाकू. पेठच्या पुढं डावीकडं एक कच्चा रस्ता जातो, पाऊण तासावर पाडा हाय. नाव सांगत नाय. तिथली माणसं अजून तिथंच राहतात, त्यांना तुमचा त्रास नको.

आता हाका म्हणजे काय ते तरी ठाऊक हाय का तुम्हाला? रानाच्या एका अंगानं माणसं डबे वाजवत, आरोळ्या देत पुढं सरकतात. जनावरं घाबरून पळतात ती दुसऱ्या अंगाला, जिथं आवाज नाय तिथं. तिथंच बंदूकवाला बसलेला. म्हणजे रान तुडवायचं दुसऱ्यानं, भिजायचं दुसऱ्यानं, आणि शूर कोण तर हा बसलेला.

हाका लावायला पाड्यावरचं कुणी तयार होईना. अमावस्या, असला पाऊस, वर जंगलखात्याची भीती. एकच जण पुढं आला. सहादू. पासष्टीचा, काडीसारखा. त्याची बायको अक्काबाई आत खाटेवर पडलेली. दोन दिवस पोटात कळा, उलट्या, पोट टम्म फुगलेलं. मोबाइलला रेंज नाय, टेकडीवर जाऊन कुणी फोन लावला तर कळलं की झाड पडलंय, ॲम्ब्युलन्स अलीकडं येत नाय. जीप कडेनं निघाली होती कशीबशी.

सहादू हर्षलला म्हणला, "मी एकटा रान हाकतो. जाताना हिला गाडीत घ्या. नाशिकच्या दवाखान्यात टाका."

हर्षलनं खाटेकडं मान वळवूनसुद्धा बघितलं नाय. म्हणला, "हो हो, नेऊ ना."

मग म्हाताऱ्यानं आणखी एक सांगितलं. ते नीट ऐका. म्हणला, "जनावर पडलं की मोठ्यानं आवाज द्या, हाका सुटला म्हणून. ज्यानं लावला त्यानंच सोडायचा असतो. तुम्ही सोडल्याबिगर मी थांबायचा नाय."

यावर हर्षल मेहुण्याकडं बघून हसला. ओव्हरटाइमला तयार आहे म्हातारा, म्हणला. वाल्मीक तिथंच उभा होता. तोही हसला, हे त्यानंच मला सांगितलं, आणि सांगताना मान वर केली नाय.

साडेपाचला सहादू ओहळ उतरून पलीकडं गेला. हे दोघं अलीकडच्या डोंगरधारेवर, जीपपासून वीस पावलांवर, छत्री लावून बसले. छत्री लावून शिकार! थोड्या वेळानं खालून आवाज सुरू झाला. डब्यावर दोन ठोके आणि एक लांब आरोळी. टण्, टण्, होऽऽऽ. परत टण्, टण्, होऽऽऽ. एकटा माणूस, पण अख्खं खोरं उठवत होता.

आधी एक भेकर आलं. हरणातलंच, लहान, कुत्र्यासारखं भुंकतं. दहा पावलांवर थबकून उभं राहिलं. हर्षलनं बार टाकला तो शेजारच्या सागाला लागला. काडतूस दमट होतं म्हणे. नाचता येईना, अंगण वाकडं. मग पावणेसातच्या सुमाराला डुक्कर आलं. त्याचा मागचा पाय फोडला यानं. ते किंचाळत गोल फिरायला लागलं तसा योगेश जीपच्या बॉनेटवर चढून बसला. शेवटी वाल्मीकनं गाडीची लोखंडी टामी घेऊन त्या जिवाला मोकळं केलं. आणि ते निपचित पडल्यावर मग हे दोघं त्याच्यावर पाय ठेवून फोटो काढत बसले. मला किळस येते अशा माणसांची. स्पष्ट सांगतो.

डुक्कर ताडपत्रीत गुंडाळून मागं टाकलं. बाटली उघडली. साडेआठ झाले. आणि खाली खोऱ्यात अजून चालूच. टण्, टण्, होऽऽऽ.

वाल्मीक म्हणला, साहेब, आवाज द्या की त्याला. बाईला पण घ्यायचंय.

हर्षल म्हणला, "डुक्कर गाडीत घालून दवाखान्यात जाऊ? तिथं पोलीस असतात. तो लोकल आहे, येईल चालत. उद्या पाठवू कुणाला तरी."

पाड्याला न शिवता खालच्या वाटेनं गाडी काढायला लावली. आणि आपल्या वाल्मीकनं काढली. मी त्याला माफ केलेलं नाय. त्यानंही स्वतःला केलेलं नाय. गिअर टाकला. मागं आवाज लहान होत गेला, मग पावसात बुडाला.

आठ-नऊ किलोमीटर आले असतील. सव्वानऊ. पाऊस एवढा, की वायपर नुसता हलतोय. योगेश घोरतोय. आणि वाल्मीकला पुढून आवाज आला.

टण्, टण्...

त्याला वाटलं, पत्रा वाजतोय कुठंतरी. काच खाली केली.

...होऽऽऽ.

पुढून. मागून नाय, पुढून. पेठच्या बाजूनं. ज्याला खोऱ्यात सोडून आलो तो चालत पुढं कसा जाईल?

हर्षल म्हणला, घुमतोय आवाज, चल. वाल्मीक पुढं गेला. आवाज मोठा झाला. आता डावीकडून पण. मग उजवीकडून पण. एकच आवाज. एकच घसा. तीन बाजूंनी.

योगेश जागा झाला.

मग दिव्याच्या उजेडात काहीतरी हललं. ससा. सरळ जीपच्या अंगावर आला आणि चाकाशेजारून मागं पळाला. त्याच्यामागं आणखी दोन. मग साळिंदर. मग भेकर, कान मागं टाकून. गाडीला भीत नव्हतं. दिव्याला भीत नव्हतं. सगळी पुढून येत होती. सगळी मागं पळत होती...

हर्षलनं खिडकीतून बंदूक काढली आणि अंधारात बार टाकला.

गप्प झालं.

पाऊससुद्धा थांबल्यासारखा वाटला, वाल्मीक म्हणतो. एक मिनिट. दोन मिनिटं...

टण्. टण्.

बॉनेटच्या पुढ्यात. दोन हातांवर. उजेड पडलेला रस्ता, आणि उजेडात कुणीच नाय.

होऽऽऽ.

वाल्मीकनं गाडी वळवली. कशी वळवली त्याला आठवत नाय. मागच्या बाजूला मात्र शांत होतं. तेवढीच एक वाट शांत होती. गाडी जशी पळाली तसा आवाज मागून यायला लागला, अंतर राखून, घाई न करता. फाट्यावर वाल्मीकनं चुकून सरळ घातली तर समोर ठोके पडले. पाड्याच्या वाटेला लागला तेव्हा समोरचे थांबले. त्याला तिथं कळलं. हर्षललाही कळलं असणार, कारण तो लहान पोरासारखा रडायला लागला.

दहा वाजता पाड्यावर पोचले. सहादूच्या घरापुढं कंदील. अक्काबाई ओट्यावर बसलेली, पोटाशी पाय घेऊन, अंगावर घोंगडी, शेजारी गाठोडं. शेजारचा वाळू तिला धरून होता. बाईला धड बोलवत नव्हतं, पण वाल्मीकला म्हणली, "हाका जवळ आला. म्हटलं, आता गाडी येईल."

वाळूनं विचारलं, सहादू कुठंय? मागं रानाच्या कडेला चालू होतं. टण्, टण्. बाईनं हर्षलकडं बघितलं. "सोडा त्याला आता. दमला असंल."

दोनच शब्द बोलायचे होते, हाका सुटला. दिवसभर ज्याचं तोंड पावसासारखं चालू होतं, त्याच्या तोंडातून आवाज निघेना. वाल्मीकनं हात जोडले, म्हणला, साहेब, सोडा. आणि हर्षल शेवटी बोलला काय माहितीय? म्हणला, "मग डुक्कर कुठं ठेवायचं?"

वाल्मीकनं डुक्कर ओढून चिखलात टाकलं, खाली ताडपत्री पसरली, वाळूच्या मदतीनं बाईला उचलून आडवं केलं. वाळू सहादूला शोधायला मागं थांबला. गाडी निघाली. यावेळी पुढं काही आडवं आलं नाय. मागून मात्र सगळा घाट उतरेपर्यंत तो हाका येत राहिला. कुणी सोडलाच नव्हता ना त्याला. नाशिकात पेठ फाट्याला शहराचे दिवे लागले, तिथं थांबला.

रात्री एकला सरकारी दवाखान्यात पोचले. डॉक्टरनं पोटाला हात लावला आणि म्हणला, आतडं पिळलंय, आत्ता उघडावं लागेल, तासभर उशीर झाला तर बाई जाईल. कागदावर जवळच्या माणसाचा अंगठा किंवा सही पाहिजे. वाल्मीक म्हणला, मी ड्रायव्हर. सिस्टर म्हणली, मग नातेवाईक शोधा. तो धावत बाहेर आला, म्हटलं निदान हर्षल दोन शब्द बोलेल डॉक्टरशी, ओळख असेल. ते दोघे शूर रिक्षा करून केव्हाच पळाले होते. बंदूक घेऊन. गेटवर शोधाशोध करून तो पंधरा मिनिटांनी परत आला, तर बाईला आत नेलेलं. त्याला वाटलं, डॉक्टरनं आपल्या जबाबदारीवर घेतलं.

सकाळी त्यानं मला फोन केला. मी डबा घेऊन गेलो. अक्काबाई वाचली होती. शुद्धीत नव्हती, पण वाचली होती. वाल्मीक भिंतीला टेकून बसला होता, त्यानं मला हे सगळं तिथंच सांगितलं, आता मी तुम्हाला सांगतोय तसं. मला निम्मं खोटं वाटलं. म्हटलं, दारू तूही प्यायला असशील.

दहाच्या सुमाराला टेकडीवरून वाळूचा फोन आला. सहादू सापडला. ओहळात, दोन वळणं खाली, उंबराच्या मुळांत अडकलेला. आणि वाळू म्हणला, पलीकडच्या बांधावरून वाळूच्या बायकोनं बघितलं होतं सहादूला. शनिवारी सहा-सव्वासहाला. वरून एकदम लोंढा आला आणि म्हातारा त्यात गेला. ओहळावरचा पूल वाहून गेला म्हणून ती रात्रभर पलीकडंच अडकली, सकाळी येऊन सांगितलं.

सहा-सव्वासहाला. डुक्कर पडलं पावणेसातला. कुणी हाकून आणलं ते?

वाल्मीक मला म्हणला, काका, कागदावर अंगठा कुणी दिला?

आम्ही सिस्टरकडं गेलो. ड्यूटी संपवून निघाली होती, वैतागली. म्हणली, कुणी म्हणजे? नवऱ्यानं. म्हातारा, पार निथळत होता. घसा एवढा बसलेला की शब्द फुटत नव्हता, नुसत्या माना हलवत होता. नाव बाईच्या आधारकार्डावरून लिहून घेतलं मी. अंगठा दिला न् गेला, फरशी आम्हालाच पुसायला लागली.

फाइल काढून पुढ्यात टाकली तिनं. वेळ, एक वाजून वीस. नातं, पती. खाली अंगठा. शाई कुठंच नव्हती. तांबड्या चिखलाचा होता.

मी बोट लावून बघितलं. नऊ तास झाले होते... चिखल अजून ओला होता.