ऑस्प्रेच्या सीटवरची अक्षरं

बेरिल हिंग्लीने कप इतक्या घाईने उचलला की नॉर्मनने दिलेला चहा निम्मा बशीतच सांडला.

"मला कुणीतरी मारायला टपलंय," ती म्हणाली. "आणि तो माणूस माझ्याच घरी चहा पिऊन जातो."

नॉर्मन टिबेट्सने दाराकडे बघून घेतलं. बिचाऱ्याने जन्मभर इंग्लंडमधल्या डडली गावाच्या रस्त्यांवर बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर खाजगी तपास करणाऱ्या हेस्टर ब्लेकवेबाईंची गाडी चालवायला लागला, तेव्हा तपास म्हणजे हरवलेली मांजरं शोधणं, असा त्याचा भाबडा समज होता. हेस्टरबाईंनी मात्र बशीतला चहा शांतपणे परत कपात ओतला आणि कप बेरिलच्या हातात दिला.

"पहिल्यापासून सांगा."

बेरिल जुन्या मोटारसायकलींच्या सीट शिवायची. फाटलेलं रेक्झिन बदलायचं, कडेने गोट लावायचा, सीटच्या मागच्या पट्टीवरचं पुसलेलं नाव पुन्हा उमटवायचं, हे तिचं पोटापाण्याचं काम. गावातला ऑस्प्रे मोटारसायकलींचा कारखाना कधीच बंद पडला, पण गावाचं वेड काही उतरलं नव्हतं. गेल्या महिन्यात कालवा साफ करायला रिकामा केला आणि गाळातून एक ऑस्प्रे वर आली. ती बेरिलच्या भावाची, रेची होती. वीसेक वर्षांपूर्वी एका संध्याकाळी रे तिच्यावर बसून गेला, तो गेलाच.

"पोलीस म्हणतात, गाडी कालव्यात ढकलून पोरगा लंडनला पळाला," बेरिल म्हणाली. "पण मागच्या मडगार्डला पोचा आहे, बाई. कुणीतरी मागून धडक दिलीय. सीट झाली की मडगार्ड घेऊन पुन्हा पोलिसांत जाणार, असं मी चहा पिता पिता तिघांसमोर बोलून बसले. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये काम करताना डोकं जड झालं, पाय लुळे पडले. कशीबशी दार ढकलून बाहेर पडले. बघते तर भिंतीतलं हवेचं भोक बुजवलेलं आणि आत रॉकेलचा हीटर चालू, विषारी वायू सगळा आतच कोंडलेला."

तिने पिशवीतून त्या भोकातून निघालेला फोमचा एक गोल तुकडा काढला. नॉर्मनने तो उलटसुलट करून पाहिला.

"काय सुबक कापलाय हो," तो म्हणाला. "कडासुद्धा तिरप्या तासल्यात, अगदी बुचासारख्या."

"ठेवून द्या तो नीट," हेस्टरबाई म्हणाल्या. "आणि ते तिघं कोण?"

ग्वेन पार्डो, एकेकाळची रेची वाग्दत्त वधू, आता मासे-बटाट्याचं दुकान चालवणारी. क्लिफर्ड ट्रँटर, मोटारसायकल क्लबचा अध्यक्ष. आणि होरेस व्हाइटहाउस, क्लिफर्डसारखाच कारखान्यातला जुना कामगार, आता क्लबच्या प्रदर्शनात गाड्यांना गुण देणारा परीक्षक.

"रे गेला त्या दिवशी गाडीत काही बदल झाला होता?"

बेरिल खाली बघायला लागली. "कुणाला सांगितलं नाही आजवर. लाज वाटते. मी सोळा वर्षांची होते. सीटवरचं 'ऑस्प्रे' हे सोनेरी नाव झिजलं होतं, म्हटलं रेला खूश करू. घरात खिडक्यांचा पांढरा रंग तेवढा होता. त्याच दुपारी पुठ्ठ्याचा साचा कापून पांढरी अक्षरं उमटवली. वाकडीच आली. संध्याकाळी तो घाईत निघाला, त्याने पाहिलीसुद्धा नसतील. कालव्याच्या पाण्याने तर सगळंच धुऊन नेलं."

हेस्टरबाईंनी तिच्या हातातला कप काढून ठेवला. मग म्हणाल्या, "सीट पुरी करा. नाव पांढरंच लिहा. आणि तोवर शेडमध्ये एकट्या जाऊ नका."

चौकशीला नॉर्मन बरोबर होता आणि प्रत्येक दारात त्याला वाटत होतं, हाच तो.

ग्वेन तळणीवरून मान वर न करता बोलली. "त्या दिवशी मी मावशीकडे होते. रे दिसला असता तर जाऊ दिला असता का? लग्नाचा झगा शिवून तयार होता माझा."

क्लिफर्ड गुरगुरला. "मी कारखान्यात पाळीवर होतो. रे सकाळच्या पाळीला तोंड पाडून होता म्हणे. स्टोअरमधून पार्ट चोरीला जात होते, त्याला चोर ठाऊक होता असं ऐकलं. मला बोलला नाही."

होरेसचं गॅरेज देवघरासारखं स्वच्छ होतं, जुनी व्हॅनसुद्धा चकचकीत. "मी तापाने पडलो होतो घरी," तो मऊ आवाजात म्हणाला. नॉर्मनने टेबलावरचा पाना उचलून परत ठेवला, तर होरेसने तो बोटभर सरकवून सरळ केला. "असा ठेवायचा असतो तो," म्हणाला आणि हसला. ते हसू नॉर्मनला रात्री झोपेतही दिसलं.

रविवारी बेरिलने तिघांना शेडमध्ये चहाला बोलावलं. हीटर पेटलेला, दार लावलेलं. हेस्टरबाईंनी नॉर्मनला हवेच्या भोकापाशी उभं केलं होतं आणि तिथून हलायचं नाही म्हणून बजावलं होतं. त्याच्या पाचावर धारण बसली होती. दर घोटाला त्याला डोकं जड झाल्यासारखं वाटायचं आणि तो हळूच मागे हात नेऊन वारा लागतोय ना ते बघायचा.

बेरिलने सीटवरचं फडकं काढलं. काळ्या रेक्झिनवर पांढरंशुभ्र नाव उमटलं होतं.

"अगं बाई, हे काय?" ग्वेन म्हणाली. "सोनेरी होतं ते. मागे बसताना माझा हात तिथंच असायचा."

"पांढरं?" क्लिफर्डने कप आपटला. "कुठल्या कारखान्यातून आली ही? उद्या हँडलला झालर लावशील."

होरेस वाकून बघत होता. "गोट एक सूत जाड आहे. ही रिव्हेटही त्या सालची नाही. गुण जातील."

"आणि अक्षरं?" हेस्टरबाईंनी विचारलं.

"अक्षरं ठीक आहेत. रेच्या गाडीवर अशीच होती."

हेस्टरबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"नॉर्मन, जो माणूस सूतभर गोट सोडत नाही," हेस्टरबाई सावकाश म्हणाल्या, "तो पांढरा रंग कसा सोडतो? ऑस्प्रेची अक्षरं सोनेरी असतात, हे इथं शेंबडं पोरही सांगेल. या गाडीवर ती पांढरी होती फक्त एक संध्याकाळ. बेरिलने दुपारी लिहिली, रे गाडी घेऊन निघाला आणि गाडी पाण्यात गेली. मधल्या वेळात ज्याने ती पाहिली, तो तापाने घरी पडलेला नव्हता. तो मागून येत होता. दिव्याच्या उजेडात शेवटपर्यंत तीच अक्षरं त्याच्या डोळ्यांसमोर होती."

होरेसने रुमाल काढून ओठ पुसले.

"पार्ट तुम्ही चोरत होता. रेला ते ठाऊक होतं आणि तो सांगणार होता. तेव्हा व्हॅनने धडक दिलीत आणि परवा हे बूच लावलंत." त्यांनी फोमचा तुकडा टेबलावर ठेवला. "दुसरा कुणी असता तर बोळा कोंबून मोकळा झाला असता. तुमच्याच्याने जीव घेतानाही ओबडधोबड काम होत नाही."

होरेस उठला. दारात क्लिफर्ड आडवा झाला आणि नॉर्मनने हीटर विझवून दार सताड उघडलं. बाहेर पोलीस सार्जंट उभा होता. त्याला बघून होरेस पुन्हा खाली बसला.

"कुठं आहे माझा भाऊ?" बेरिलने विचारलं.

"जुन्या चुनखाणीत. उजवीकडच्या बोगद्यात."

ग्वेनने तोंडाला पदराचं टोक लावावं तसा एप्रन लावला. बेरिल मात्र रडली नाही. ती होरेससमोर जाऊन उभी राहिली.

"रेने पाहिली होती का? अक्षरं?"

होरेसने रुमालाची नीट घडी घातली. "पुलापाशी थांबवून मी त्याला विनवलं. तो ऐकेना. जाताना बोट लावून बघितलं त्याने, रंग ओला होता. म्हणाला, आमच्या बेरिलचं काम. वाकडंय, पण मी पुसायचो नाही."

तेव्हा बेरिल रडली.

पुढच्या प्रदर्शनात पांढऱ्या अक्षरांसाठी नव्या परीक्षकाने त्या गाडीचे गुण कापले. बेरिलने कापू दिले.