शिओमीतली एकटी कुनिएदा

शिओमीच्या स्टेशनावर हिवाळ्यात दुपारच्या गाडीने सहसा कुणी उतरत नाही. म्हणून त्या दिवशी तो उतरला, तेव्हा मी हातातला सोबाच्या शेवयांचा वाडगा तसाच खाली ठेवला आणि तिकीटखिडकीतून पाहत राहिले. समुद्रावरून बारीक बर्फ तिरपा येत होता. त्या तरुणाने स्टेशनच्या नावाची पाटी कोटाच्या बाहीने पुसली आणि हात लांब करून पाटीसह स्वतःचा फोटो काढू लागला. एकदा पाटी कापली जाई, एकदा तो.

शेवटी मीच बाहेर गेले.

"द्या इकडे, शिओमी-सान. मी काढते."

तो दचकला. "माझं नाव... तुम्हाला कसं कळलं?"

"या थंडीत पाटीला मिठी मारायला आणखी कोण उतरणार? वर्षाकाठी दोन-चार शिओमी आडनावाचे येतातच."

"मिठी नव्हती मारली अजून."

"मारा की. मी पाठ फिरवते."

तो हसला, पण ते हसू फार वेळ टिकले नाही. फोटो काढून झाल्यावर मी त्याला आत शेगडीपाशी बसवले आणि सोबाचा वाडगा पुढे ठेवला. त्याचे नाव रेइजी. नागोयात लिफ्ट दुरुस्त करण्याचे काम करी. शिओमी नावाची आणखी गावे, आणखी स्टेशने तो पाहून आला होता. एक खाडीकाठचे, उंच इमारतींचे. एक डोंगरातले, जिथे गाडी थांबण्यापुरतीच थांबते.

"कशासाठी एवढं?" मी विचारले.

"शरदात आई गेली. वडील मला आठवतही नाहीत. सोडून जाताना नाव तेवढं ठेवून गेले. म्हटलं, एका नावाची इतकी ठिकाणं आहेत... एखाद्याला तरी मी ओळखीचा वाटेन." वाडग्यातून येणाऱ्या वाफेकडे पाहत तो म्हणाला, "तुम्हीही शिओमीच ना?"

"मी कुनिएदा. अख्ख्या गावात एकटी."

तेवढ्यात गावातल्या फुमिएकाकू मासळीची टोपली घेऊन आत आल्या. त्यांनी त्याला नखशिखांत न्याहाळले.

"शिओमी? बरं. पण कुठल्या घरचा तू? तेलघर, विहीरघर, की खालचं जाळेघर?"

"घर... नाही हो. नुसतं नावच आहे."

"नुसत्या नावाचे इथं सगळेच आहेत, बाबा!" काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे वळून अदबीने वाकल्या. "कुनिएदा-सान, तेवढं तिकीट द्याल का?"

आमच्याकडे हे असेच आहे. सगळ्या गावाचे आडनाव एक, त्यामुळे ते कुणी वापरत नाही. माणसाला घराच्या नावाने नाहीतर सरळ नावाने हाक मारतात. माझे वडील रेल्वेत होते. त्यांची इथे बदली झाली तेव्हा मी आठ वर्षांची होते. ते गेले, पुढे रेल्वेने इथली माणसेही काढून घेतली आणि गावाने खिडकी व सोबाची शेगडी माझ्या हाती सोपवली. मुलांना शाळेत पोहोचवणारी, म्हाताऱ्यांची औषधे आणणारी मी. पण मी कुनिएदा-सान. पाहुण्यासाठी वेगळी उशी काढून ठेवावी, तसे ते नाव माझ्यासाठी काढून ठेवलेले. त्यात मान होता. ऊब नव्हती.

रेइजी पुन्हा आला. मग शनिवारी-शनिवारी येऊन रविवारी परतू लागला.

"रस्सा आज खारट झालाय," एकदा तो म्हणाला.

"मग खाऊ नका."

"खारटच आवडतो, असं म्हणणार होतो. तुम्ही वाक्य पुरं कुठं करू देता... चिगुसा-सान."

त्याने पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली होती. मी झाकण उचलले आणि वाफेने बोटे पोळली. तो घाईने पाणी आणायला धावला, मी "काही नाही, काही नाही" म्हणत राहिले. आणि खरे तर फार काही झाले होते. रविवारी संध्याकाळी त्याची गाडी गेली की खिडकी बंद करून मी रिकाम्या बाकाकडे पाहत बसे. एकटेपणाची मला सवय होती. आता तो मोजता येऊ लागला — रविवारपासून शनिवारपर्यंत.

ऑगस्टात ओबोनच्या सणाला पितर घरी येतात. घराघरांपुढे कंदील लागले. कुणावर तेलघर, कुणावर जाळेघर. माझ्या कंदिलावर कुनिएदा. देवळामागच्या स्मशानात मी वडिलांच्या समाधीचा दगड धुवायला गेले, तर रेइजी माझ्याआधी वाकून पाणी ओतू लागला. शिओमींच्या रांगांच्या टोकाला तो एकच दगड वेगळ्या नावाचा आहे. त्याने तो फार सावकाश पुसला.

परतताना आम्ही बंधाऱ्यावर बसलो. सूर्य नुकताच बुडाला होता.

"फुमिएकाकू म्हणाल्या, विहीरघराचं बंद घर उघडून देतील," तो म्हणाला. त्याचा आवाज आनंदाने किंचित कापत होता. "म्हणजे मलाही घर मिळेल. आणि आपलं लग्न झालं की तुम्ही शिओमी व्हाल, चिगुसा-सान. मग इथं कुणी तुम्हाला परक्यासारखी हाक मारणार नाही. कसं जुळून आलंय, पाहा..."

त्याला वाटत होते, तो मला भेट देतो आहे. आणि ती खरोखरच भेट होती. लहानपणापासून मला तेच तर हवे होते. तरी मी देवळाकडे वळून पाहिले.

"मी शिओमी झाले, तर त्या दगडावरचं नाव लावणारं जगात कुणी उरणार नाही."

लग्नाच्या नोंदीत दोघांचे आडनाव एकच लागते, हा इथला कायदा दोघांनाही ठाऊक होता.

"तुम्ही कुनिएदा व्हाल?" मी विचारले. विचारायला नको होते.

"वडील सोडून गेले, तरी आईनं ते नाव ठेवलं," तो हळूच म्हणाला. "शाळेत मला कुणी काही विचारू नये म्हणून. तिच्या दगडावरही तेच कोरलंय. ते मी... कसं सोडू?"

लाटा येत होत्या, जात होत्या. मला त्याचा राग आला नाही. तो माझ्याइतकाच एकटा होता, एवढेच कळले.

"मग आज परतीच्या गाडीनं जाऊ का?" त्याने विचारले.

"जायचंय?"

"नाही."

"मग राहा. नोंद न करता राहा. कायद्याला दोघांत एकच नाव लागतं. मला दोन्ही हवीत. आणि... मला तुम्ही हवे आहात."

"लोक बोलतील, चिगुसा. फुमिएकाकू तर सालटी काढतील आपली."

"बोलू देत. इतकी वर्षं माझ्याशी कुणी मोकळेपणी बोललं नाही. निदान माझ्याविषयी तरी बोलतील."

मला वाटले तो हसेल. त्याने फक्त माझा हात हातात घेतला. दूर वळणावर गाडीची शिटी वाजली आणि सवयीने मी उठले.

"आज खिडकी बंद आहे," तो म्हणाला.

मी पुन्हा खाली बसले.