तिसरी कॉफी

"अहो, ते पाणी... पिऊ नका—"

विल्दानाचं वाक्य पुरं होईपर्यंत त्या तरुणाने अर्धा ग्लास रिकामा केला होता. बाहेर पावसाने सारायेवोच्या गल्ल्या धुऊन काढल्या होत्या, कॉफीघरात बसायला जागा नव्हती, म्हणून तो तिच्या टेबलाशी येऊन टेकला आणि कॉफीबरोबर आलेलं पाणी समजून तिचं कुंचला बुडवायचं पाणी पिऊन मोकळा झाला.

"निळं होतं?" त्याने ओठ पुसत विचारलं.

"निळं आणि... थोडा गेरू."

"तरीच. म्हटलं, आज पाण्याला चव कशी आली."

तो मिर्नेस, घड्याळं दुरुस्त करणारा. मग दर शनिवारी तो येऊ लागला आणि येताना तिला चितारायला काहीबाही आणू लागला. गंजलेली किल्ली, मोडकं गजराचं घड्याळ, एकदा तर स्वतःचा फाटका बूट. विल्दाना शाईच्या रेघा झरझर ओढायची. रंगाची वेळ आली की मात्र तिचा हात अडायचा. त्या दिवशीचा निळाही तिने कागदाच्या कोपऱ्यात नुसता लावून पाहिला होता. रेघ चुकली तर शेजारी दुसरी काढता येते, रंग एकदा कागदात मुरला की मुरला. मनातलं सगळंही तिने असंच कोरडं जपून ठेवलं होतं.

म्हणूनच मिर्नेसने विचारलं, "भाऊ परदेशी, ग्राझला बोलावतोय, त्याच्या दुकानात. जाऊ का?" तेव्हा ही शहाणी म्हणाली, "तुझी मर्जी." मग घरी येऊन उशी भिजवली.

आज संध्याकाळपर्यंत त्याला भावाला कळवायचं होतं. आणि आजच तो तिला रसिमा मावशीकडे घेऊन आला होता. याच मावशीने त्याला लहानाचा मोठा केला होता. तिची जुनी जेझ्वा, कॉफी उकळायचं तांब्याचं भांडं, विल्दानाला चितारायची होती.

पहिली कॉफी आली, स्वागताची. दुसरी आली, गप्पांची. गप्पा एकट्या मावशीनेच मारल्या. विल्दाना मान खाली घालून जेझ्वाची लांब मूठ काढत बसली. आता बोलते... आता बोलते... पण मिर्नेसने पाहिलं की हिची नजर पुन्हा कागदात.

"रंग भरणार, की आजही उद्याच?" तो हळूच म्हणाला.

"भरते ना. घाई काय आहे?"

"मला आहे," तो म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

तेवढ्यात मावशी तिसरी कॉफी घेऊन आली. विल्दानाने चमकून वर पाहिलं. तिसऱ्या कॉफीचा अर्थ सारायेवोतलं शेंबडं पोरही जाणतं. प्या आणि उठा, असं यजमान तोंडाने सांगत नाही, एवढंच.

"याला भावाला फोन करायचाय गं, पोरी," मावशी जरा ओशाळून म्हणाली.

विल्दानाने घाईघाईने कुंचला उचलला, न बघता बुडवला आणि कागदावर टेकवला. जेझ्वावर तपकिरी ओघळ पसरला. कुंचला पाण्यात नाही, कॉफीत बुडाला होता. आता पुसायची सोय नव्हती. आणि गंमत म्हणजे, तांब्याला तो रंग शोभत होता.

"मिर्नेस," ती म्हणाली, "माझी मर्जी विचार ना... नको जाऊस. मला तू आवडतोस. तू ते पाणी प्यायलास ना, तेव्हापासून."

तिने कुंचला पुन्हा कपातच टाकला. विल्दानाला वाटलं, आता पळावं इथून. मिर्नेसने तिच्या कपात डोकावून पाहिलं. कुंचला अजून आतच होता.

"मावशी, हिची कॉफी तर नासली. पाहुणीला उठवायचं कसं?"

"तू पी की. तुला सवय आहे म्हणे."

"नको. प्यायलो तर मलाही उठावं लागेल." त्याने तो कप टेबलाच्या पार टोकाला सरकवला आणि विल्दानाचा शाई-कॉफीने माखलेला हात हातात घेतला. "आणि मी कुठे जात नाहीये."

मावशीने रुमाल समजून डोळ्यांना लावला, पण होता तो ओट्याचा फडका. मग तिने टेबलावरची जेझ्वा उचलली.

"तुझं चित्र झालं असेल, तर ही नेते गं," ती म्हणाली. "पुन्हा पहिली करायला हवी."